नव्या गाडीचं लिंबू

आबांनी ट्रक घेतला तेव्हा डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत सायकल असलेला माणूससुद्धा जरा मान वर करून चालायचा. आबा म्हणजे माझे वडील. त्याआधी ते रे रोडच्या एका लाकूड व्यापाऱ्याची लॉरी चालवायचे. "जन्मभर दुसऱ्याची गाडी पुसली, आता आपली पुसायची," एवढंच ते म्हणायचे. गाडीपायी आईच्या अंगावरचं काय काय गेलं ते सगळ्या चाळीला पाठ होतं, त्यामुळे ते पुन्हा सांगत नाही.

तेव्हा नवी गाडी घ्यायची म्हणजे इंजिन, चाकं आणि लोखंडी सांगाडा घ्यायचा. मागचा लाकडी हौदा सुतारांकडून बांधून घ्यावा लागे. रे रोडला हौदा बांधून होईपर्यंत आबा रोज तिथे जाऊन बसले. सुतार सागवान सांगतील आणि मधे आंब्याची फळी घालतील, असा त्यांना संशय होता. प्रत्येक फळीला त्यांनी आतल्या बाजूने खिळ्याने ओरखडा काढून ठेवला होता. रंग मात्र त्यांनी तिथे लावू दिला नाही. "हे लोक एक हात मारतात आणि दोन हात सांगतात," असं म्हणून ते बिनरंगाची गाडीच चाळीत घेऊन आले.

आमची चाळ आणि समोरची चाळ यांच्यामध्ये मोकळी जागा होती. तिथे, आमच्या खिडकीखाली गाडी उभी राहिली. मी तेव्हा दादरला शिक्षिकेचा कोर्स करत होते. सकाळचं कॉलेज आटोपून आले की दुपारभर आबांच्या हाताखाली असायची. फळ्या काचकागदाने घासायच्या, भुसा झटकायचा, मग अळशीचं तेल पाजायचं. पाजायचं हाच शब्द आबा वापरायचे. लाकूड तेल प्यायचं, आणि पिईनासं झालं की मग रंग. रंग निळा. त्याबद्दल घरात चर्चासुद्धा झाली नाही.

आम्ही धम्म घेतला त्याला वर्ष उलटून गेलं होतं. घरातले देव आबांनी स्वतःच्या हाताने काढून टाकले होते. त्यामुळे गाडीच्या कपाळावर कुठल्या देवाचं नाव येणार नव्हतं. आबांनी एका पेंटरकडून तिथे धम्मचक्र काढून घेतलं. पेंटरने ते असं काढलं की पहिल्याच दिवशी चाळीतल्या एकाने विचारलं, "चरखा कशाला काढला? सरकारी पक्षात गेलात काय?" ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. गिरणगावात चरख्याशी संबंध असणं काही बरं नव्हतं. आबांनी पेंटरला परत बोलावलं आणि चक्राचे आरे ठळक करून घेतले. पेंटरने हे मुद्दाम केलं असावं, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं.

आबांचा हा स्वभावच होता. बॅटरी रोज संध्याकाळी काढून ते वर आणायचे आणि खाटेखाली ठेवायचे. तिच्या पाण्याने आईच्या एका लुगड्याला भोकं पडली. चाकांच्या पुढेमागे विटा लावायच्या, वरून ताडपत्री, ताडपत्रीला दोरी, आणि दोरीला अशी गाठ की कुणी सोडून पुन्हा बांधली तर त्यांना कळावं. गिरण्यांच्या धुराड्यांची काजळी सगळ्या परळवर पडायची, ती ताडपत्रीच्या फटीतूनही आत जायची. ओल्या फडक्याने पुसलं तर काळे ओघळ येतात, म्हणून आधी कोरड्या मऊ कापडाने टिपून घ्यायची. पोरं खडूने फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेवर, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" असं लिहायची. ते पुसलं तर चाळ काय म्हणेल, आणि ठेवलं तर माल भरायला जायचं त्या बंदराच्या फाटकावरचा पोलीस काय म्हणेल, या पेचात आबांनी ते अर्धवट पुसलं. नुसतं "झालाच पाहिजे" उरलं.

गाडी धंद्याला लागून थोडे दिवस झाले असतील. एका सकाळी आबा ताडपत्री काढायला खाली गेले आणि लगेच वर आले. हातात एक लिंबू आणि मिरच्या होत्या, एकत्र बांधलेल्या.

"हे कुणी केलं?" त्यांनी आईला विचारलं.

"मला काय विचारता?"

"पुढच्या बंपरखाली बांधलेलं होतं. दिसू नये असं."

आईने लिंबू हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "ताजं आहे. टाकू कशाला? कालवणात पिळते." आबांनी ते तिच्या हातातून घेऊन कचऱ्यात टाकलं.

चारदोन दिवसांनी पुन्हा लिंबू. आबांनी काढलं, पुन्हा बांधलेलं. पहिला संशय क्लीनरवर गेला. तो भायखळ्याहून यायचा, आबांच्याच वयाचा, आधी देवभोळ्या मालकांकडे काम केलेला. आबांनी त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, "मी बांधलं असतं तर समोर बांधलं असतं, खाली कशाला लपवू?" हे आबांना पटलं, तरी दोन दिवस त्यांनी त्याला गाडीजवळ एकटं सोडलं नाही.

मग संशय घरात आला. आईचं मन अजून जुन्या देवांत अडकलंय, असं आबांना वाटायचं. ते उघड काही म्हणाले नाहीत, पण भाजीच्या टोपलीतली लिंबं बघू लागले. आईच्या ते लक्षात आलं. ती दोन दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही. मग माझ्यासमोर म्हणाली, "प्रतिज्ञा तुम्ही एकट्याने घेतली नव्हती. मीही शेजारी उभी होते." टोपलीकडे बघणं मात्र आबांनी त्यानंतरही लगेच सोडलं नाही.

ही गोष्ट चाळीत पसरायला वेळ लागला नाही. आमच्या बौद्ध मंडळाचा सेक्रेटरी तरणा, हुशार, पोस्टात नोकरीला होता. एका रविवारी तो दोघांना घेऊन वर आला. वैशाखातल्या पौर्णिमेच्या मिरवणुकीला आबांची गाडी सजवायची असं ठरलं होतं. बुद्धाची मूर्ती त्या गाडीत बसणार, म्हणून आबांनी हौद्याला आतूनसुद्धा रंग दिला होता.

"आबा, राग मानू नका," सेक्रेटरी म्हणाला. "गाडीला लिंबू-मिरची बांधता असं लोक बोलतायत."

"मी बांधत नाही. मी काढतो."

"मग बांधतं कोण?"

"ते कळलं असतं तर तुला वर यावं लागलं असतं का?"

"लोकांना कसं पटवायचं? बाहेर एक आणि आत एक असं करणारे आपल्यात थोडे नाहीत. त्या गाडीत मूर्ती बसवायची म्हणजे..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. बरोबरच्यांपैकी एक म्हणाला, "हे समोरच्या चाळीतलं काम असणार. आपल्याला डिवचायला. आपला माणूस गाडीवाला झाला ते डोळ्यांवर आलंय त्यांच्या."

खरं सांगायचं तर आबांच्या मनातही तेच होतं. समोरच्या चाळीत कोकणातले आणि घाटावरचे गिरणी कामगार राहायचे. मोर्च्याला दोन्ही चाळी एकत्र जायच्या, एकाच घोषणेला ओरडायच्या, लाठीही एकत्र खायच्या. पण परत आलं की ते त्यांच्या दारात आणि आम्ही आमच्या. त्यांच्यातल्या कुणी आमच्याकडे पाण्याचा घोट घेतलेला मी पाहिला नव्हता. त्यामुळे नव्या गाडीखाली लिंबू कोण बांधेल, तर हसायला तेच बांधतील, हे आमच्या पोरांना आपोआप पटत होतं. "एकदा पकडू द्या, मग बघू," ते म्हणू लागले. आई घाबरली. आबांनी पोरांना सांगितलं, "गाडी माझी आहे. शोध मीच लावीन. तोवर कुणी समोर जाऊन तोंड उघडायचं नाही."

त्यानंतर चळवळीतला एक मोठा हरताळ आला. गिरण्या बंद, दुकानं बंद, गाड्या जागच्या जागी. आबा दिवसभर खिडकीत बसून गाडीवर नजर ठेवून होते. हरताळ चालला तेवढ्या दिवसांत गाडीखाली एकदाही लिंबू बांधलेलं सापडलं नाही. मला वाटलं, आबा जागेवर आहेत म्हणून. आईने वेगळाच विचार केला. ती जुन्या लिंबाची गाठ आठवून म्हणाली, "ते दोऱ्याने नव्हतं बांधलेलं. केळीच्या सोपटाने होतं. भायखळ्याच्या बाजारात भाजीच्या जुड्या बांधतात तसं. बाजार बंद, तर लिंबू बंद."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. इतके दिवस टोपली तपासणाऱ्या माणसाला बायकोने असं सांगावं, हे त्यांना थोडं लागलं असावं. पण ते म्हणाले, "म्हणजे रोज पहाटे बाजारात जाणारं कुणीतरी."

हरताळ संपला, बाजार उघडला. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघायची तयारी करत होते. नुकतं उजाडलं होतं. खिडकीतून पाहिलं तर डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक बाई गाडीपाशी थांबली. तिने पाटी खाली ठेवली, इकडेतिकडे पाहिलं आणि गाडीपुढे उकिडवी बसली. आबा मोरीत होते. त्यांना हाक न मारता मी तशीच खाली धावले.

मी पोचले तेव्हा ती उठत होती. मी तिला ओळखत होते, म्हणजे पाहून. समोरच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर ती खानावळ चालवायची. पाळीवर जाणारे एकटे गडी तिच्याकडे जेवायचे. नवरा वारलेला, एक पुतण्या जवळ. तिची खिडकी आमच्या गाडीच्या बरोबर समोर होती.

"मावशी, हे तुम्ही का करता?" मी विचारलं.

ती घाबरली. पाटी उचलायला वाकली, पण न उचलताच माझ्याकडे वळली. "कोणाक सांगू नको, चेडवा," ती म्हणाली.

"पण का? आमच्या वडिलांना किती त्रास झालाय याचा."

"त्रास होऊ नये म्हणानच बांधतंय." मग खाली बघून ती हळूहळू बोलली. तिची नजर वाईट आहे असं तिच्या चाळीत सगळे मानायचे. एकदा तिने शेजारणीच्या बाळाला गोड म्हटलं आणि ते बाळ तापाने गेलं. कुणाचं नवं शिवणयंत्र पाहायला गेली आणि दुसऱ्या दिवशी ते बिघडलं. तेव्हापासून ती जिन्यात दिसली की बायका पोरांच्या तोंडावर पदर ओढायच्या. हे सगळं तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. आपली नजर वाईट आहे हे तिला स्वतःलाही पूर्ण पटलेलं होतं.

"तुमची निळी गाडी माका बरी दिसता," ती म्हणाली. "दुपारी भांडी झाली की खिडकीत बसतंय. तू आणि तुझो बापूस तेल लावता, ता बघतंय. बघल्याशिवाय माका रवत नाय. म्हणान लिंबू बांधतंय. माझीच नजर लागात तर?"

ती पाटी घेऊन गेली. मी वर जाऊन आबांना सगळं सांगितलं. न सांगण्याचा प्रश्नच नव्हता.

आबांना पटलं नाही. "तिला कुणी पाठवलंय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "पुतण्या कोणाबरोबर फिरतो? पकडली गेली म्हणून रचून सांगत असेल." आई म्हणाली, "असलं कुणी स्वतःबद्दल रचून सांगतं का?" संध्याकाळी आबांनी धुतलेला सदरा घातला आणि मला म्हणाले, "चल. तू ओळखतेस तिला."

समोरच्या चाळीत आबा इतक्या वर्षांत कधी चढले नव्हते. तिच्या दारात पोचलो तेव्हा आत पंगत बसली होती. जेवणारे हात थांबले. आबा उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. ती पदर सावरत दाराशी आली आणि दार मागे ओढून घेतलं.

"लिंबू तुम्ही बांधता?" आबांनी हळू आवाजात विचारलं.

"होय."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्या नाय." मग तिने मला सांगितलं होतं तेच त्यांना सांगितलं, त्याच शब्दांत. आबा तिच्या चेहऱ्याकडे एकटक पाहत होते, सुतारांच्या फळ्यांकडे पाहायचे तसे. शेवटी म्हणाले, "बाई, आम्ही नजर मानत नाही. सोडलं ते सगळं आम्ही."

"तुम्ही मानू नका," ती म्हणाली. "पण ती लागताना इचारून लागता काय?"

आबा तो वाद तिथेच सोडून म्हणाले, "लिंबामुळे आमच्या लोकांत माझ्याबद्दल वाईट बोललं जातं. ते नको. बघायचं तर खुशाल बघा. मी दिवसभर खिडकीत बसू शकत नाही. कोण गाडीला हात लावतं, कोण ताडपत्री सोडतं, ते तुम्हाला इथून दिसतं. मला सांगत जा."

ती आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून लिंबू बंद झालं, आणि तिची खिडकीही बंद झाली. भर उकाड्यात ती लावलेली असायची. आबा आता विश्वास ठेवतील असं मला वाटलं होतं, पण ते बंद खिडकीकडे बघून म्हणायचे, "काहीतरी लपवतेय." मग दुसऱ्याच क्षणी म्हणायचे, "नाहीतर मी जरा जास्तच बोललो."

सेक्रेटरी पुन्हा आला. आबा त्याला म्हणाले, "शोध लागला. पुन्हा होणार नाही."

"कोण होतं?"

"ते सांगणार नाही."

"समोरचं होतं ना?"

"सांगणार नाही म्हटलं."

तो गेल्यावर आई आबांवर चिडली. "सांगून टाका की. लोक अजून तुम्हालाच धरतायत."

"काय सांगू?" आबा म्हणाले. "त्या बाईचं नाव घेतलं तर आपली पोरं तिच्या दारात जातील. आणि तिच्या चाळीला कळलं की ती आपल्या गाडीवर लिंबू बांधत होती, तर ते तिची खानावळ चालू देतील? तिच्या हातचं खातील?"

पौर्णिमेच्या मिरवणुकीत मूर्ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातगाडीवरून गेली. आबा मिरवणुकीत चालले, मागच्या रांगेत. गाडी त्यांनी सकाळीच स्वच्छ पुसून ठेवली होती. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

पुढे काही दिवसांनी लालबागच्या बाजूला गडबड झाली. आबा माल उतरवून रिकामी गाडी घेऊन येत होते. कुठूनतरी दगड आला आणि समोरची काच तडकून अर्धी आत पडली. त्यांच्या कपाळाला खरचटलं. गाडी घेऊन ते चाळीत आले तेव्हा दोन्ही चाळींच्या खिडक्यांत माणसं होती. समोरच्या दुसऱ्या मजल्यावरची खिडकीही उघडली. आणि पाहता पाहता ती बाई जिना उतरून खाली आली. पदर डोळ्यांवर ओढलेला, नीट दिसतही नसावं तिला. सगळ्यांसमोर आबांना म्हणाली, "माका माफ करा. काल फट उघडून बघलंय मी. एकदाच."

लोकांना काही कळलं नाही. मला आणि आईला कळलं. आबांनी केबिनमध्ये हात घालून दगड काढला आणि तिच्यापुढे धरला.

"पदर काढा, हे बघा. हा कुणाच्यातरी हातून सुटून आलाय. खिडकीतून बघून काच फुटत नाही."

तिने पदर वर केला. दगड हातात घेऊन तिने तो उलटासुलटा करून पाहिला. "कोणी मारल्यान?" तिने विचारलं.

"ते कसं कळणार? पोलिसांकडून आला की आपल्याच पोरांकडून, देव जाणे." देव हा शब्द तोंडातून गेल्याचं आबांच्या लक्षात आलं आणि ते जरा ओशाळले. सेक्रेटरी तिथेच उभा होता. तो हसला नाही; लिंबाचं कोडं त्याला तेव्हाच उलगडलं असावं.

काचा काढायला आई झाडू घेऊन आली. त्या बाईने तिच्या हातातून झाडू घेतला, सीटवरच्या बारीक काचा गोळा केल्या, मग पदराने सीट पुसली. आई वर जाऊन चहा घेऊन आली. बाईने कप हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि परत केला. "आज उपास आसा माका," ती म्हणाली.

ती गेल्यावर आई पुटपुटली, "आज कसला उपास?" तो खरोखरच उपास होता की दुसरं काही, हे आईने आयुष्यभर मनात ठेवलं. मला वाटतं खरा असेल. पण मलाही खात्री नाही.

एवढं खरं की तिची खिडकी त्यानंतर उघडी राहू लागली. दुपारी मी फळ्यांना तेलाचा हात द्यायला उतरले की ती वर बसलेली असायची. पुढच्या वर्षी मूर्ती आमच्या गाडीतून गेली. सेक्रेटरी आबांच्या शेजारी केबिनमध्ये बसला होता.

राज्य झालं, मुंबई मिळाली, आणि नंतरच्या काळात आबांना डोळ्यांचं दुखणं जडलं. गाडी विकावी लागली. ती बाई तोवर पुतण्याबरोबर प्रभादेवीला राहायला गेली होती. आई एकदा तिला भायखळ्याच्या बाजारात भेटली. तिने सगळ्यांची विचारपूस केली आणि मग विचारलं, "गाडी बरी आसा मा?"

"बरी आहे. चालते अजून," आईने सांगितलं.

घरी येऊन आईने मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, विकली हे का नाही सांगितलं. आई म्हणाली, "कशाला? तिने ते स्वतःवर घेतलं असतं."